डोंगरी तालुक्यातल्या डांगऱ्या

मुंबईत कुणी गाव विचारलं, की आमच्याकडचा माणूस बेधडक सांगतो, "महाड." पोलादपूर सांगून कुणाला कळतं? "कोल्हापूर का?" विचारतात. "नाही हो, पोलादपूर." "हां हां, सोलापूर!" त्यापेक्षा महाड सांगावं आणि मोकळं व्हावं. पोलादपूर पूर्वी म्हणे महाडातच मोडायचं. नंतर तालुका वेगळा झाला, पण तोंडाची सवय काही वेगळी झाली नाही. बाजार महाडला, कॉलेज महाडला, दाढ दुखली तर डॉक्टर महाडला. माझं माहेर माणगावचं. माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी सगळ्या पाहुण्यांना "मुलगी महाडला दिली" असंच सांगितलं होतं. लग्नानंतर पाठराखणीला आलेली माझी मावशी गाडीत बसली. महाड मागे पडलं, पोलादपूर मागे पडलं, गाडी उमरठच्याही वर चढायला लागली, तेव्हा तिने घाबरीघुबरी होऊन विचारलं, "अगं, महाड अजून किती लांब आहे?" सगळी गाडी हसली होती.

तेव्हा हसण्यावारी गेलं. पुढे याच एका शब्दाने आमचा असा घात केला, की आजही आठवलं तरी माझं डोकं भणभणतं. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जा. का विसरू?

आमच्या पडवीत आम्ही डांगऱ्या शिवायचो. डांगरी म्हणजे कंपनीतले कामगार घालतात तो गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसलग पोशाख, पुढे चेन लावलेला. आमचे हे मुंबईत एका कपड्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने थकलेल्या पगाराऐवजी यांना जुनी मशिनं दिली, आणि हे ती टेम्पोत घालून गावी घेऊन आले. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, या डोंगरात कोण तुमच्याकडून काय शिवून घेणार? पण महाडच्या एमआयडीसीत एवढ्या केमिकल कंपन्या, त्यातले एवढे कामगार. महाडच्या बाजारात हेल्मेट, बूट, हातमोजे विकणारे एक चाचा आहेत. त्यांनी आमची एक डांगरी हातात घेतली, बगलेतली शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली आणि म्हणाले, "भाभी, ही फाटायची नाय. आणा अजून." तिथून आमचं चालू झालं.

वाडीतल्या बाया शिकल्या. सगळ्यात चांगला हात माझ्या धाकट्या जावेचा. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, मुंबईला हॉटेलात कामाला, आणि राहायला गाववाल्यांच्या एकाच खोलीत दाटीवाटीने. तिथे बायको-मुली नेणार कुठे? म्हणून ही दोन मुलींना घेऊन गावी. घर तिने एकटीने सांभाळलेलं. पडवीत मशीन चालू असताना तिचं एक लक्ष अंगणात वाळत घातलेल्या नाचणीवर असायचं, आणि कोंबडी आली की पायाने मशीन न थांबवता तोंडाने "हाऽड!" करायची.

चाचांच्या दुकानाचा माल काही बारमाही नव्हता. दोन महिने काम, मग एक महिना बसून. मध्ये कंपन्यांनी ठाण्याहून तयार माल आणायला सुरुवात केली आणि आमचं बसून राहणं वाढलं. जावेला एमआयडीसीत पॅकिंगचं काम मिळत होतं, पण वाडीतून जाऊन-येऊन ते जमणारं नव्हतं. कंपनीची बस हायवेपर्यंतच येते, आणि आमची एसटी यायची तेव्हा येते. म्हणजे काम धरायचं तर महाडला खोली घ्यायची, मुलींना तिथल्या शाळेत घालायचं, आणि घराला कुलूप. ते कुलूप तिला नको होतं. "ताई," ती मला म्हणायची, "घर बंद ठेवलं का पावसात एका वर्षात खाली बसतं. मंग मी हाय का नाय, सारखंच."

तर हे असं होतं. पडवी चालली तर ती राहणार, नाही चालली तर जाणार. मला काही कारखानदार व्हायचं नव्हतं. मला माझी जाऊ शेजारच्या घरात हवी होती.

अशात तालुक्याला उद्योगवाल्यांचा मेळावा झाला. तंबू, खुर्च्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या. एका साहेबांनी माइकवर सांगितलं, की डोंगरी आणि मागास तालुक्यातल्या लहान उद्योगांना सरकारी खरेदीत प्राधान्य आहे. अनामत रक्कम भरायला नको. आणि बाहेरच्या मोठ्या माणसाने कमी दर भरला, तरी त्याच दराला आपण तयार झालो तर कामाचा वाटा आपल्याला मिळणार. मी शेवटच्या रांगेत बसलेली उठून उभी राहिले. विचारलं, "साहेब, पोलादपूर डोंगरीत येतं ना?"

साहेब हसले. "बाई, मागे वळून बघा."

मागे डोंगरच होता. सगळे हसले, मीही हसले. घरी येताना एसटीत मी जावेला म्हटलं, "आयुष्यभर ज्या डोंगराला शिव्या घातल्या, तो आता कामाला येणार बघ." ती म्हणाली, "डोंगरी तालुक्यातल्या डांगऱ्या!" आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत सुटलो. कंडक्टर बघायला लागला.

आणि खरंच काम निघालं. पुरात उतरणाऱ्या बचाव पथकांसाठी जिल्ह्याच्या एका खात्याला नारिंगी डांगऱ्या हव्या होत्या. खात्याचं नाव मी लिहीत नाही, मला पुन्हा तिथे जायची वेळ येऊ शकते. पण डांगऱ्या! आमच्याच! मी तर देवाला नारळ बोलून मोकळी झाले. आम्ही नमुना शिवला, जावेने खिशांना दुहेरी टीप मारली, आणि पोलादपूरला एका कॉम्प्युटरवाल्याकडे बसून निविदा भरली.

उत्तर आलं: प्राधान्यासाठी अपात्र. उद्योगाचा पत्ता डोंगरी तालुक्यात नाही.

मी ते तीनदा वाचलं. मग दाखला काढून बघितला. आमच्या उद्योग नोंदणीच्या दाखल्यावर लिहिलं होतं: गाव महाड, तालुका महाड.

"हे काय हो?" मी यांना विचारलं.

आमचे हे कापड कापत होते. मान वर न करता म्हणाले, "काय?"

"पत्ता! महाड कुणी सांगितला?"

"मीच. नोंदणी केली महाडात. त्या माणसाने विचारलं, गाव? मी म्हटलं, महाड. त्यात काय?"

"त्यात काय? अहो, आपण महाडला राहतो का?"

तेव्हा कुठे कात्री थांबली. म्हणाले, "पण आपण महाडचेच ना?"

आता या माणसाला काय बोलायचं? आणि बोलणार तरी कोणत्या तोंडाने, वाडीत कुणालाही विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं. दीर मुंबईला "महाडवाला" म्हणूनच ओळखला जातो. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाच्या बॅनरवर पोलादपूर बारीक अक्षरात आणि महाड ठळक अक्षरात असतं. एवढ्या पिढ्या आम्ही दुसऱ्याच्या गावाचं नाव लावून मिरवलो, आणि सरकारने पहिल्यांदा आमचं स्वतःचं गाव विचारलं, तेव्हा नेमकं त्याच कागदावर ते नव्हतं.

दुरुस्ती करायची ठरवली. दुरुस्तीसाठी ओटीपी लागतो, ओटीपी जातो नोंदणीच्या मोबाईलवर, आणि यांचा तो जुना मुंबईचा नंबर रिचार्जअभावी बंद पडून दुसऱ्याच कुणाला गेला होता. फोन लावला तर तिकडून कुणी भोजपुरी का काय बोलायचा. मी हिंदीत विनवण्या केल्या, "भैया, बस एक नंबर आयेगा, पढके बताओ." त्याला वाटलं मी त्याला फसवतेय. बरोबरच आहे, बँकेच्या जाहिरातीत हेच तर सांगतात. त्याने मला चार शब्द सुनावले आणि नंबर ब्लॉक केला.

मग मी अलिबागला गेले, त्या खात्यात. आमच्याकडून अलिबाग म्हणजे पहाटे निघायचं, एसट्या बदलायच्या, आणि साहेब जेवायला उठायच्या आत पोहोचायचं. साहेब भले होते, हे आधीच सांगते. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझा दाखला बघितला.

"मॅडम, तुमचा उद्योग तर महाडला आहे."

"नाही साहेब, उद्योग पोलादपूरला आहे. दाखला महाडचा आहे."

"म्हणजे दाखला चुकीचा?"

"हो."

"मग चुकीचा दाखला जोडून निविदा भरली तुम्ही?"

घ्या! मी तक्रार करायला गेले आणि मीच गुन्हेगार. मी आधार कार्ड दाखवलं, लाइटचं बिल दाखवलं, ग्रामपंचायतीचा कागद दाखवला. साहेब म्हणाले, "हे तुमच्या राहण्याचे पुरावे. तुम्ही राहा हो कुठेही. उद्योग कुठे आहे ते दाखला सांगतो." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही येऊन बघा ना. पडवी आहे, मशिनं आहेत, बाया आहेत." ते म्हणाले, "पाहणी ज्यांना काम मिळतं त्यांची होते." आणि मग अगदी आपुलकीने म्हणाले, "महाडसारख्या औद्योगिक ठिकाणी राहून डोंगरी तालुक्यातल्या गरिबांचं काम कशाला मागता? त्यांनाही पुढे येऊ द्या."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बाहेर येऊन एसटी स्टँडवर बाकड्यावर बसले आणि रागाने रडले. रडू दुःखाचं नव्हतं हो, शुद्ध संतापाचं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "कोण गेलं का तुमचं?" मी म्हटलं, "गाव गेलं." ती बिचारी सरकून बसली.

काम कुणाला मिळालं ते आठवडाभरात कळलं. पोलादपूरच्या बाजारात, स्टँडपासून जवळच, एका गाळ्यावर नवाकोरा बोर्ड लागला होता. कंपनी ठाण्याकडची. बोर्डावर खाली मोठ्या अक्षरात: तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. शटर बंद. मी आठवड्याच्या बाजाराला गेले की मुद्दाम तिथून जायचे. शटर कधीच उघडं दिसलं नाही. शेजारचा वडापाववाला म्हणाला, "भाडं वेळेवर येतं म्हणे. मानूस मी एकदाच बगितला, बोर्ड लावला तेव्हा." जो कधी आमचा डोंगर चढला नाही, त्याने पोलादपूर बिनचूक लिहिलं होतं. आणि आम्ही जन्मभर त्या डोंगरात राहून महाड लिहून बसलो होतो.

पुढचं ऐका. महिन्याभराने त्याच कंपनीचा मॅनेजर आमच्या दारात. चांगला गुळगुळीत दाढी केलेला, बोलायला गोड. महाडच्या चाचांनी त्याला आमचं नाव सांगितलं होतं. चाचांचा हेतू चांगला होता, त्यांना आतलं काय माहीत? मॅनेजर म्हणाला, "मॅडम, मोठी ऑर्डर आहे. कापड आमचं, धागा आमचा, चेन आमची. तुम्ही फक्त शिवायचं. नगावर पैसे." आणि पिशवीतून नारिंगी कापडाचा तुकडा काढून त्याने माझ्यापुढे ठेवला.

मी त्याला तिथेच हाकलणार होते. खरं सांगते, केरसुणी कोपऱ्यातच होती. पण आतून जाऊ आली, तिने कापड बोटात चोळून बघितलं आणि म्हणाली, "कापड बरं हाय गो."

"कापडाचं काय घेऊन बसलीस? हे आपलं काम आहे! आपल्याला मिळायचं ते यांनी पळवलंय!"

"म्हंजे काम तेच ना?" ती म्हणाली. "बोर्ड कुनाचा का असंना. मुलींची शाळा या वर्षी हितंच व्हईल."

मी केरसुणी बघितली, तिच्याकडे बघितलं, आणि यांना म्हटलं, "घ्या कापड उतरवून." मॅनेजरला मी चहा मात्र दिला नाही. आमच्या वाडीत दारात आलेल्याला चहा न देणं म्हणजे काय, ते त्याला कळलं नसणार, पण आमच्या बायांना बरोबर कळलं.

पडवी नारिंगी झाली. सगळीकडे नारिंगी कातरण. कोंबड्यांच्या पायात नारिंगी धागे. काम चोख होत होतं, बाया खूष होत्या, जाऊ सगळ्यात खूष. मी एकटीच धुमसत होते. प्रत्येक डांगरीच्या मानेला त्या ठाण्याच्या कंपनीचं लेबल लावायचं काम मी जावेला दिलं होतं, माझा हातच वळत नव्हता.

अर्धा माल झाला आणि मॅनेजर पुन्हा आला. या वेळी जरा घाईत. "मॅडम, साहेब पाहणीला येणार आहेत. आमचा बाजारातला गाळा अजून, काय म्हणतात, सेट नाही. एक दिवस आपला बोर्ड इथे लावू. बाया आमच्या म्हणून बसतील. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"आपला बोर्ड?" मी म्हटलं. "आपला कोणता?"

आमचे हे म्हणाले, जाऊ दे. बाया म्हणाल्या, जाऊ दे. जाऊ म्हणाली, "ताई, एका दिसात काय आपली पडवी उचलून नेनार हाय तो?" सगळ्या जगाचं "जाऊ दे" माझ्याच वाट्याला कसं येतं, देव जाणे. शेवटी मीही म्हटलं, लावा.

पाहणीच्या दिवशी मॅनेजरच्या माणसाने आमचा बोर्ड काढला, जो यांनी स्वतः रंगवला होता, आणि कापायच्या टेबलाखाली उपडा टाकला. त्या जागी तारेने कंपनीचा चकचकीत बोर्ड बांधला. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून मशिनवर बसल्या. आणि साहेब आले. कोण? तेच, अलिबागचे, चष्मा कपाळावर चढवणारे. मला त्यांनी ओळखलं नाही. त्यांच्या टेबलासमोर रोज कितीजणी बसून जात असतील.

चप्पल बाहेर काढून ते पडवीत आले. सगळं निरखून बघितलं. टीप बघितली, खिसा बघितला, चेन वर-खाली केली. मग मॅनेजरला म्हणाले, "वा! योजना ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचलेली फार कमी वेळा बघायला मिळते हो." मॅनेजर नम्रपणे हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांच्या हातात कागद होता. त्यात कामगार स्थानिक आहेत का, असं काहीतरी भरायचं होतं. सगळ्यात पुढच्या मशिनवर जाऊ. तिला त्यांनी प्रेमाने विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

जाऊ उभी राहिली, पदर नीट केला, आणि म्हणाली, "आमी महाडच्या, साहेब."

झालं! पॅंटवाला, हातात कागद असलेला, बाहेरचा माणूस. अशा माणसाला आमच्याकडे दुसरं काही सांगतच नाहीत. मॅनेजरने तिला काय काय पढवलं होतं, कंपनीचं नाव काय सांगायचं, कधीपासून कामाला म्हणायचं. गाव काय सांगायचं ते शिकवायला पाहिजे, हे त्या ठाणेकराच्या स्वप्नातही आलं नसणार.

"महाड?" साहेबांनी शेजारचीला विचारलं. "आणि तुम्ही?"

"मी पन महाडचीच."

"मी बी."

तिकडच्या कोपऱ्यातल्या म्हातारीला कुणी विचारलंही नव्हतं, तरी तिने आपणहून सांगितलं, "आमी समद्या एकाच गावच्या, महाडच्या."

साहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "म्हणजे तुम्ही बाया महाडहून आणल्यात?" मॅनेजर गडबडला, "नाही सर, लोकल आहेत, एकदम लोकल, त्यांना समजलं नाही." जाऊ म्हणाली, "नाय नाय, आमी हितल्याच," आणि ते ऐकून साहेबांचा संशय अजूनच वाढला. मग मॅनेजर माझ्याकडे वळला. एवढा गोड आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "मॅडम, तुम्ही सांगा ना सरांना. या बाया पोलादपूरच्याच आहेत की नाही?"

सगळी मशिनं थांबली होती. साहेब माझ्याकडे बघत होते. एक "हो" म्हणायचं होतं फक्त. खरंच तर होतं ते! जाऊ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. पण माझ्या तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला विचारू नका साहेब. तुमच्या कागदावर मी महाडची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी अलिबागला तुमच्यासमोर बसले होते. तुम्ही म्हणालात, दाखला सांगतो ते खरं. मग आज दाखलाच बघा. ही पडवी, ही मशिनं, या बाया, सगळं महाडला आहे. पोलादपुरात यांचं काय आहे माहितीये? एक बंद शटर." आणि मी टेबलाखालचा आमचा बोर्ड ओढून काढला आणि त्यांच्यासमोर उभा केला. त्यावरची नारिंगी कातरण झटकायची सुद्धा मला शुद्ध नव्हती.

साहेबांनी मला ओळखलं. त्यांचा चेहरा पडला, हे मी खोटं सांगणार नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हे लेखी द्या." मी म्हटलं, "लेखीच तर दिलं होतं."

त्याच दिवशी मॅनेजरचा टेम्पो आला. शिवलेला माल, अर्धवट माल, न कापलेले तागे, धाग्याची रिळं, सगळं भरलं. जावेच्या मशिनवर एक बाही तशीच सुईखाली होती. तिने ती टीप शेवटपर्यंत पुरी केली, धागा तोडला आणि मगच ती त्या माणसाच्या हातात दिली. रात्रीची भाजी तिने रोजच्यासारखी वाटीतून आणून दिली. वाटी ठेवता ठेवता म्हणाली, "बोललीस ते बराबर बोललीस, ताई. मीच पयलं तोंड उघडलं." मला तिचा राग चालला असता. हे नाही चाललं.

पुढे काय झालं? चौकशी झाली म्हणतात. ठाण्याच्या कंपनीचं काम रद्द झालं. मला वाटलं, आता तरी आपला नंबर. फेरनिविदा निघाली तेव्हा मी पुन्हा पोलादपूरला त्या कॉम्प्युटरवाल्याकडे बसले. तो वाचत गेला, वाचत गेला, आणि म्हणाला, "ताई, या वेळी डोंगरी तालुक्याची अटच नाय टाकली." मी अलिबागला फोन लावला. तिकडून कुणीतरी सांगितलं, "मागच्या वेळी त्या अटीवरून फार कटकट झाली हो. म्हणून काढूनच टाकली." कटकट म्हणजे मी. आमच्यासाठी केलेली सवलत आमच्यापर्यंत पोहोचली ती अशी, की आम्ही हात लावला आणि ती नाहीशी झाली. कुणाला जाऊन धरायचं? साहेब भले, योजना भली, चाचा भले, आमचे हे तर देवमाणूस. सगळे भले, आणि पडवीत मशिनांवर चादरी टाकलेल्या. मला आजही पस्तावा वाटत नाही. राग येतो. तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी जावेने घराला कुलूप लावलं. जाण्यापूर्वी तिने कौलं चाळून घेतली, दाराला प्लास्टिक ठोकलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. कोंबड्याही माझ्याकडेच.

दाखल्याची दुरुस्ती शेवटी झाली. नवा नंबर जोडायला किती हेलपाटे घातले ते मी आता सांगत बसत नाही. तो दाखला पर्समध्ये घालून मी महाडला जावेला भेटायला गेले. एमआयडीसीच्या रस्त्याला एका ओळीत पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातली एक तिची. ती नुकतीच पाळीवरून आली होती. कंपनीचा एप्रन दोरीवर टाकलेला. तिने तो माझ्या हातात दिला. "शिवन बग कशी दिली हाय. ओढलं का उसवतं. आपल्या पडवीत असं शिवलं असतं तर भावोजींनी कात्री फेकून मारली असती." शेजारची बाई डोकावली, म्हणाली, "पाव्हण्या कुठल्या?" जाऊ पटकन म्हणाली, "माज्या जाऊबाई. आमी पोलादपूरच्या."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "आता पोलादपूरची म्हणतेस?"

"मंग? हितं महाडात महाडची म्हनून सांगितलं तर लोक हसतील नाय का?"

मी पर्समधून दाखला काढून दिला. तिने हात पुसले, बोट ठेवून वाचलं. गाव आमचंच, तालुका पोलादपूर. "आलं का गो शेवटी," म्हणाली. मग फळीवरच्या डब्याखालून तिने तिचं आधार कार्ड काढलं. मुलींच्या शाळेसाठी पत्ता बदलायला लागला होता. तिने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि हसून म्हणाली, "तू झालीस पोलादपूरची, नि मी झाले महाडची."

मला हसता आलं नाही. तिने भाकऱ्या बांधून दिल्या, मुलींनी स्टँडपर्यंत सोडलं. धाकटीने विचारलं, "काकू, आमच्या घरात उंदीर झाले का?" मी म्हटलं, नाही झाले. झाले होते.

एसटीत बसले. कंडक्टर आला, म्हणाला, "कुठं?"

"पोलादपूर!"

एवढ्या जोरात ओरडले असेन, की पुढच्या सीटवरचे दोघेतिघे वळून बघायला लागले.

"ऐकू आलं हो ताई," कंडक्टर म्हणाला, आणि त्याने तिकीट फाडून दिलं.